चीनविषयक सल्लागार, कणकुंबी

कणकुंबीत जन्माला येऊन लांबवर नाव काढलं ते आजवर एकट्या मलप्रभेनं. माउलीच्या देवळापाशी उगम पावते, बेळगाव, धारवाड, बागलकोट करत कुडलसंगमाला कृष्णेला गाठते आणि तिच्याबरोबर थेट बंगालच्या उपसागरात जाते. बाकी आम्ही सगळे सकाळच्या बसनं बेळगावला जातो, ज्या साहेबाकडे काम असतं तो रजेवर असतो, आणि संध्याकाळच्या बसनं परत येतो.

त्यामुळे 2018 साली इंजिनिअरिंगला असताना मी इंटर्नशिपसाठी चीनला निघालो, तेव्हा गावात बराच गोंधळ उडाला. पहिला गोंधळ 'इंटर्नशिप' ह्या वस्तूचा.

"पगार किती?" आजीनं विचारलं.

"पगार नाही गं. राहायला खोली आणि दुपारचं जेवण. शिकायला जायचं."

"मग इतकी वर्षं कॉलेजात काय करत होतास?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्या प्राचार्यांकडेही नव्हतं.

दुसरा गोंधळ निरोपसमारंभाचा. तो देवळासमोर झाला आणि भाषणाला आमचे निवृत्त गुरुजी उभे राहिले. गुरुजींचा इतिहास पक्का. त्यांनी डॉ. द्वारकानाथ कोटणिसांपासून सुरुवात केली. 1938 साली चिनी जखमींची सेवा करायला हिंदुस्थानातून पाच डॉक्टर गेले, त्यांतले हे सोलापूरचे सुपुत्र. आजही शिजियाझुआंगमध्ये त्यांचं स्मारक आहे. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला. सगळं खरं. मी अभिमानानं फुलत होतो. मग गुरुजींनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "पाच जण गेले, चार परत आले. कोटणीस तेवढे आले नाहीत. 9 डिसेंबर 1942. वय वर्षं बत्तीस."

आईनं पदर डोळ्याला लावला. बायकांच्या बाजूनं हुंदक्यांची साथ सुरू झाली. मीही दोन क्षण गहिवरलो. तेवढ्यात गुरुजींना पुढचा तपशील आठवला. "तत्पूर्वी त्यांनी तिथल्याच एका मुलीशी विवाह केला होता."

आईचं रडणं जागच्या जागी थांबलं. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि रात्री बॅग भरताना म्हणाली, "साप एकवेळ खा."

बॅगेत पोहे, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी, आमसुलं आणि साहेबाला द्यायला दोन किलो बेळगावी कुंदा. इतर मुलं बॅगेत लॅपटॉप घालतात. माझ्या बॅगेत तो बसला नाही, म्हणून तो गळ्यात.

मुंबईहून शांघाय आणि तिथून वेगवान गाडीनं निंगबो. तीनशेच्या वर किलोमीटरचं अंतर गाडीनं दोन-अडीच तासांत कापलं. आमची बस तेवढ्या वेळात कणकुंबीहून निघते, जांबोटीला चहा घेते आणि बेळगावच्या वेशीवर ट्रॅफिकमध्ये उभी असते. निंगबोचं बंदर मालाच्या वजनात जगात पहिलं. आजूबाजूला साचे आणि ओतकामाचे कारखाने इतके, की डोळे मिटले तर बेळगावच्या उद्यमबागेत असल्यासारखं वाटावं. वास तोच, काळी वाळू तीच. फक्त कुणी शिवी दिली तर कळत नव्हती, त्यामुळे कामावर मन प्रसन्न राहायचं.

पहिल्या दिवशी गेटपास झाला. पासपोर्टवर आपल्या पद्धतीप्रमाणे माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन डब्यांची गाडी. ऑफिसातल्या मुलीनं माझं नाव उच्चारून बघितलं, तिला ठसका लागला. आडनाव बघितलं, त्याच्या वाटेला गेली नाही. मधलं नाव दोन अक्षरी, सुटसुटीत. तिनं आनंदानं तेच गेटपासवर छापलं.

आता आमच्या घरी वडिलांचं नाव कोण घेतं? आई 'अहो' म्हणते. आजी 'तो' म्हणते. गावात ते कुणाचे अण्णा, कुणाचे काका. त्यांचं नाव उभ्या आयुष्यात मी फक्त फॉर्मवर लिहिलेलं. आणि इथं विशीतली पोरगी कारखान्याच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला त्यांना एकेरीत हाका मारतेय, माल उचलायला लावतेय, उशीर झाला म्हणून झापतेय. झापणं मला लागत नव्हतं, कारण ते अण्णांना होतं. पण एकदा आई फोनवर असताना मागून खणखणीत हाक आली.

"कोण रे ती?"

"हिशेबनीस आहे."

"ती ह्यांना कशी काय ओळखते?"

त्या घटनेनंतर घरी काही दिवस काय वातावरण होतं, ते अण्णांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

फोनचंही एक प्रकरणच. तिकडे व्हॉट्सअ‍ॅप बंद, गूगल बंद. सगळा देश वीचॅटवर. भाजी वीचॅटवर, पगार वीचॅटवर. म्हणून आईच्या फोनमध्ये वीचॅट घातलं. कणकुंबीत पावसाळ्यात रेंज कधी असते तर कधी चोर्ला घाटाच्या धुक्यात जाते. ती यायची रात्री साडेनऊला. चीनचं घड्याळ अडीच तास पुढं, म्हणजे मध्यरात्र. मध्यरात्री खोलीतल्या चिनी मुलाला दचकवत आवाज घुमायचा, "जेवलास काय?" पुढं 29 जून 2020 ला भारत सरकारनं 59 अ‍ॅप बंद केली, त्यात टिकटॉकसाठी देश हळहळला. आमच्याकडे मात्र मावश्या, आत्या आणि एक न ओळखीचा गृहस्थ असलेला घरचा वीचॅट ग्रूप गेला. त्या गृहस्थाचा शोध राहिलाच.

काम काय होतं? इंटर्नचं काम जगात सगळीकडे एकच: कुणाला नको असलेल्या खुर्चीवर बसणं आणि कामात असल्यासारखं दिसणं. मला एका शिफूच्या हाताखाली दिलं. शिफू म्हणजे आपला उस्ताद, हेडमिस्त्री. साठीला टेकलेला, बारीक डोळ्यांचा, हातात सदैव गरम पाण्याचा थर्मास. चिनी माणूस सर्दीला गरम पाणी पितो, पोटदुखीला गरम पाणी पितो, भर ऑगस्टात भट्टीशेजारी उभा राहून गरम पाणी पितो. मी थंड पाणी मागितलं तेव्हा शिफूनं आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

त्याला मी कुंदा दिला. आपला हिशेब असा, की माणूस कुंदा हातात आल्यावर तोंडात टाकेल. शिफूनं तो तपकिरी रवाळ ऐवज नाकाशी नेला, बोटांत चुरडला, उजेडात धरला, आणि दोन चमचे थर्मासमध्ये घालून झाकण घट्ट लावलं. मी बघत राहिलो. पाच मिनिटांनी त्यानं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि भाषांतराच्या अ‍ॅपवर विचारलं, "हे भारतीय औषध कशावरचं?"

खरं सांगायची वेळ होती ती. पण समोर साठ वर्षांचा उस्ताद, मागं जमलेले आठ कामगार, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर पाच हजार वर्षांच्या भारतीय संस्कृतीबद्दल आदर. तो आदर मोडायचं माझ्या जिवावर आलं.

"घशावरचं," मी म्हटलं.

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा. जेवणानंतर."

आठवड्याभरात शिफूचा खोकला थांबला. (खोकला बहुधा थांबायचाच होता. आपल्याकडे असे अनेक वैद्य ह्याच जोरावर उभे आहेत.) मग माझ्याकडे रांग लागली. पॅकिंगवाल्या बाईची गुडघेदुखी, ड्रायव्हरची झोप, कुणाच्या मुलाची उंची. पुरवून पुरवून वाटला तरी दोन किलो कुंदा किती पुरणार? संपल्यावर मी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, की ही वनस्पती पावसाळ्यात येत नाही.

इथून माझी खरी नेमणूक सुरू झाली. मी इंटर्न नव्हतो, भारत होतो. सव्वाशे कोटींच्या वतीनं एकटा उत्तरं देत होतो. हत्तीवरून कॉलेजात जाता का? गंगा तुमच्या घरापासून किती लांब? रोज नाचता की फक्त लग्नात? सुरुवातीला मी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणायचो. पण 'नाही' म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा पडायचा, जसा पाहुण्यांनी कांदेपोहे न खाता ताटली सरकवल्यावर मुलीच्या आईचा पडतो. मग मी शिकलो. हत्तीला हो म्हटलं. भीमगडच्या जंगलातला हत्ती कधीतरी खानापुराकडे उतरतोच, फक्त आम्ही त्याच्यावर बसत नाही, त्याच्यापुढं पळतो. तेवढा तपशील अ‍ॅपवर नीट उतरत नव्हता, म्हणून सोडून दिला.

सर्वांत अवघड गेलं 'दंगल'चं. हा सिनेमा 2017 च्या मे महिन्यात चीनमध्ये लागला आणि भारतात झाली त्याहून जास्त कमाई त्यानं तिथं केली. म्हणजे मी पोचलो तेव्हा कारखान्यातल्या प्रत्येकानं तो पाहिलेला, निम्म्यांनी रडून पाहिलेला. भारतीय म्हणजे पैलवान हे त्यांच्या मनात पक्कं. मी पावसात भिजलो तरी वजन पन्नासच्या पुढं जात नाही.

"तुमच्या भागात कुस्ती आहे?" शिफूनं विचारलं.

"आहे ना! बेळगाव, कोल्हापूर म्हणजे कुस्तीचं माहेरघर." इथवर मी खरं बोललो होतो.

"तू?"

"तालमीत जायचो," मी म्हटलं. जायचो हे खरं. तालमीच्या मागं क्रिकेटचं मैदान होतं.

"आणि तुझी बहीण? ती कुठल्या वजनगटात?"

माझी ताई तेव्हा खानापुरात शिवणक्लास घेत होती. मी म्हटलं, तिनं खेळ सोडला. सगळे हळहळले. पॅकिंगवाल्या बाईनं तर डोळे पुसले आणि अ‍ॅपवर एक लांबलचक वाक्य लिहून दाखवलं. त्याचा मथितार्थ असा, की वडिलांनी एवढे कष्ट घेतल्यावर मुलीनं असं वागायला नको होतं. पुन्हा अण्णाच.

गावात बघण्यासारखं काय आहे, असंही शिफूनं एकदा विचारलं. त्याआधी त्यानं मला हांगझौच्या खाडीवरचा पूल दाखवून आणला होता. छत्तीस किलोमीटर लांब. काम 2003 ला सुरू, 2008 च्या मे महिन्यात गाड्या धावल्या. पुलावरून जाताना मी इतका वेळ गप्प होतो, की त्याला वाटलं मला गाडी लागली. मीही मग फोनमधले गावचे फोटो काढले. माउलीचं देऊळ दाखवलं, धुक्यातला घाट दाखवला, आणि पुढचा फोटो बोटाच्या फटकाऱ्यानं आपोआप आला: कळसा कालव्याचा खणलेला चर. कडेला झाडोरा, भिंतींवर शेवाळ, तळाला साचलेलं पाणी, पाण्यात एक म्हैस.

शिफूनं फोटो मोठा करून बघितला. त्याच्या चेहऱ्यावर श्रद्धा उमटली. "कुठल्या राजघराण्याच्या काळातला?"

"2006 मधला."

शिफूला वाटलं अ‍ॅप चुकलं. त्यानं पुन्हा विचारलं, अ‍ॅपनं पुन्हा तेच सांगितलं.

मग मला समजावून सांगावं लागलं. कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवायचं आहे. पण तो कळसा मूळचा म्हादईचा, आणि म्हादई जाते गोव्यात. गोव्याचं म्हणणं, आमचं पाणी. कर्नाटकाचं म्हणणं, आमचा पाऊस. थोडा महाराष्ट्रही आहे.

"शेजाऱ्याशी बोललात?"

"2010 साली लवाद नेमला."

"मग?"

योगायोग असा, की त्याच ऑगस्टात लवादाचा निकाल आला होता. मी उत्साहानं सांगितलं: कर्नाटकाला 13.42 टीएमसी, गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33.

"म्हणजे सुटला प्रश्न!"

"नाही. आता तिघंही सुप्रीम कोर्टात जातील."

शिफू बराच वेळ थर्मास हातात धरून बसला. शेवटी त्यानं मला दोन चमचे चहापत्ती दिली आणि गरम पाणी प्यायला सांगितलं.

जेवणाविषयी मी फार लिहिणार नाही, कारण परदेशी गेलेला प्रत्येक मराठी माणूस त्यावर लिहितो आणि शेवटी वरणभातापाशी येऊन रडतो. पण निंगबोचे 'तीन दुर्गंध' म्हणून जे प्रसिद्ध पदार्थ आहेत, त्यांतल्या एकाबद्दल सांगायलाच हवं. आपल्याकडे माठाचे जाड देठ आमटीत घालतात आणि चोखून खातात. तिथंही माठाचे देठ, तिथंही चोखायचे. फरक एवढाच, की मधल्या काळात ते मडक्यात घालून, गर विरघळेपर्यंत आंबवतात. बशी टेबलावर आली आणि मी आपोआप बुटांचे तळवे तपासले. शिफूनं देठ उचलला, एका टोकानं सुर्र केलं आणि पोकळ नळी बशीच्या कडेला ठेवली. अगदी आमची आजी ठेवते तशी. मीही उचलला. वासाच्या पलीकडे गेलं की चव बरी असते. प्रश्न पलीकडे जाण्याचा आहे. मग मी खोलीत लोणच्याची बरणी उघडली, तर खोलीतला मुलगा गादी उचलून दुसरीकडे झोपायला गेला. हिशेब फिटला.

पावसाची मात्र मी फुशारकी मारली होती. खानापूर तालुक्यातला माणूस, त्यातून कणकुंबीचा. आमच्याकडे जूनमध्ये लागलेला पाऊस गणपतीपर्यंत थांबायचं नाव घेत नाही, भिंतींना ओल, कपडे चुलीवर वाळतात. तिकडे वादळाचा इशारा आला, कारखाना बंद ठेवला, लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावायला लागले. "हा कसला पाऊस!" म्हणत मी छत्री घेऊन निघालो. पुढचं एवढंच सांगतो, की छत्री समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मिळाली, आणि मी तळमजल्यावर एका चिनी आजीबाईंच्या किराणा दुकानात. त्यांनी मला गरम पाणी दिलं.

इंटर्नशिपचा कळस म्हणजे राजकोटचं गिऱ्हाईक. पंपाचे सुटे भाग घ्यायला एक गुजराती शेठ आले. कारखान्याच्या मालकानं मला त्या दिवशी कोट दिला आणि 'भारत विभागाचा संचालक' म्हणून पुढं केलं. शेठजी आले नेमके दुपारी बाराला. जेवण उरकून कारखाना झोपलेला. चीनमध्ये दुपारची झोप ही चोरून घ्यायची गोष्ट नाही. दिवे मालवतात, घडीच्या खाटा उघडतात, मॅनेजरसुद्धा टेबलावर मान टाकतो. अंधारात शंभर माणसं निपचित पडलेली बघून शेठजी दारातच थबकले.

"गॅस लीक हुआ क्या?"

"आराम कर रहे हैं."

"सब?"

शेठजींनी त्या क्षणी भाव दहा टक्क्यांनी पाडला.

तेवढ्यात आईचा फोन आला, मी मराठीत दोन शब्द बोललो. शेठजी खूश. "अरे, महाराष्ट्र के हो!"

"नहीं, कर्नाटक."

"पर बोलते तो मराठी हो."

आता ह्या प्रश्नाला सीमाभागातल्या माणसाला थोडक्यात उत्तर देता येत नाही. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून सुरुवात केली. महाजन आयोगापर्यंत येईतो शेठजींनी ठेपले काढले. सुप्रीम कोर्टातला 2004 चा दावा अजून चालू आहे, इथवर पोचलो तेव्हा कारखाना जागा झाला होता, आणि मालकाला वाटलं आम्ही तासभर घासाघीस करतोय. शेठजी घड्याळ बघून कंटाळून म्हणाले, "भाई, पुराने भाव में दे दो." मालकानं माझी पाठ थोपटली. इतक्या वर्षांत सीमाप्रश्नाचा कुणालातरी फायदा झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

परत आलो तर गावात दुसरी नेमणूक तयार होती. तिकडे मी भारत होतो, इकडे चीन झालो.

"साप खाल्लास?" पारावरच्या पहिल्याच माणसानं विचारलं.

"नाही हो."

"झुरळं?"

"नाही."

"मग गेलेलास कशाला?"

दुसऱ्यालाही 'नाही' म्हटलं, तो उठूनच गेला. तिसरा आला तेव्हा मी म्हटलं, "खाल्ला. वाम माशासारखा लागतो." (वाम खाल्ली होती, त्यामुळे निम्मं वाक्य खरं.) क्षणात पार भरला. चहा आला. गुरुजींनी मला शेजारी बसवलं. त्या संध्याकाळी सापाची लांबी वाढत वाढत जांबोटीपर्यंत गेली.

त्यानंतर गावातल्या प्रत्येक चिनी गोष्टीला मी जबाबदार. फोन तापला, माझ्याकडे. टॉर्च दोन दिवसांत गेली, माझ्याकडे, तेही "तुमची टॉर्च" म्हणून. खानापूरला गोबी मंचुरीच्या गाड्यावर मालकानं मला सगळ्यांसमोर बशी दिली आणि म्हणाला, "सांगा साहेब, चीनसारखी आहे की नाही?" मंच्युरियन चीनमध्ये मिळत नाही, ते 1975 साली मुंबईत नेल्सन वांग नावाच्या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी आचाऱ्यानं काढलं. हे मी त्याला सांगणार होतो. पण बशीतली गोबी लालभडक होती, गिऱ्हाईकं थांबली होती आणि गाडेवाला डोळ्यांत प्राण आणून बघत होता.

"तिथल्यापेक्षा बरी," मी म्हटलं. हे मात्र अक्षरशः खरं होतं. आता त्याच्या गाड्यावर 'चीनहून आलेल्यांची पसंती' अशी पाटी आहे. 2024 च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं मंचुरीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, तेव्हा तो माझ्याकडेच आला होता. म्हणाला, तुम्ही तिकडं जरा शब्द टाका की.

सध्या हंगाम गवत कापायच्या मशिनचा आहे. काजूच्या बागा साफ करायला घरोघरी ही चिनी मशिनं आलीत, सोबत चिनी पुस्तिका. दर रविवारी माझ्या ओसरीवर तीन-चार मशिनं आणि त्यांचे मालक बसलेले असतात. मी पुस्तिका उघडतो, गंभीरपणे पानं उलटतो, आणि 'तेल बघा' असं सांगतो. निम्मी मशिनं त्यानं चालू होतात, त्यामुळे परिस्थिती आणखी बिघडली आहे.

म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे. खानापूर तालुक्यात कुणाचं चिनी मशिन बंद पडलं असेल, तर कृपा करून ते उद्यमबागेतल्या मिस्त्रींकडे न्या. ते चीनला गेलेले नाहीत. त्यांना मशिन कळतं.